पाण्यात पालथं पडण्याची तयारी

३ मे, रविवार
गार्गीला 'हो' म्हणून बसलो.
ऑगस्टमध्ये ती नेदरलँड्सला शिकायला जाणार. त्याआधी तिघांनी कुठेतरी जायचं, एवढंच ठरलं होतं. मेधा बाली म्हणत होती. जेवता जेवता गार्गीने फोन पुढे केला. मालदीवचं एक छोटं बेट. तिथे अंधार पडल्यावर समुद्रात दिव्यांची चौकट सोडतात. उजेडाला डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव जमतात आणि ते खायला मांटा येतात. पाखटाच्या जातीचा मासा, पण पंख पसरले की आमच्या जेवणाच्या टेबलाहून रुंद. माणसांनी चौकटीला धरून, तोंडात नळी घेऊन पाण्यावर पालथं पडायचं आणि खाली बघत राहायचं.
"गाइड असतो बाबा. सेफ आहे."
"छान आहे. जाऊ."
"जाऊ म्हणजे तू पाण्यात यायचं. बोटीत चपला सांभाळत बसायचं नाही हं."
मेधा हसली. खरंच आहे ते. सेंटोसा, फुकेत, गणपतीपुळे, सगळीकडे सामानापाशी मी. आपल्या लोकांच्या प्रत्येक सहलीत एक माणूस सामानापाशी लागतोच. आमच्याकडे ते काम मला कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं.
"एकदा तरी. मी जायच्या आधी," गार्गी म्हणाली.
"येतो," म्हणालो.
हात धुताना लक्षात आलं, आपण काय बोललो ते.

५ मे, मंगळवार
गावात पोहता सगळ्यांनाच येतं, मलाही येतं. पांगाऱ्याचं लाकूड पाठीला बांधून आप्पांनी विहिरीत ढकललं होतं. तीच माझी पोहण्याची शाळा. पण पाण्यात तोंड घालून खाली मात्र मी आयुष्यात कधी बघितलेलं नाही. आई सांगायची, पोहावं, डुंबावं, पण खाली बघू नये. तळाला आसरा असतात, पाण्यातल्या देवता. त्यांचं घर आहे ते, दुसऱ्याच्या घरात डोकावू नये. आम्ही सगळी पोरं मान वर काढून पोहायचो, बदकांसारखी.
आई जाऊन बारा वर्षं झाली. मी इथे परदेशात, रॅफल्स प्लेसला बँकेत बसतो, एक्सेलमध्ये डोकं घालतो. आसरा मानतो का? मानतो. भीतीने नव्हे, मान ठेवायचा म्हणून. कालपर्यंत तरी असंच समजत होतो.

९ मे, शनिवार
खालच्या स्विमिंग पूलमध्ये पहिला दिवस. तिसऱ्या मजल्यावरच्या मिसेस टॅन शिकवायला तयार झाल्या. पूर्वी शाळेत पी. टी. शिकवायच्या, आता सत्तरीला आल्या असतील. उतरण्याआधी सवयीने पाणी डोळ्यांना लावलं, हात जोडले. त्यांनी ते बघितलं. मी एक फेरी मारून दाखवली. मान वर, हात धपाधपा.
"अंकल, यू फायटिंग हू?"
काठावरून गार्गी हसत होती.
मग म्हणाल्या, फेस डाउन. तोंड खाली घाला आणि काही करू नका. मी तोंड घातलं, डोळे घट्ट मिटलेले, आणि लगेच उभा राहिलो. पाणी कमरेएवढंच होतं. पुन्हा घातलं, पुन्हा उभा. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. मोजायला पाहिजे होतं असंही नाही.
"कान्ट रिलॅक्स वन, धिस फेलो," त्या गार्गीला म्हणाल्या. माझ्यासमोरच.

१० मे, रविवार
मेधा म्हणते, "अहो, नाही जमलं तर सांगा तिला. ती काय तुम्हाला खाणार आहे?"
खाणार नाही. इथल्या पोरांसारखं 'ओके ला' म्हणेल आणि खोलीत जाईल. तेच नको आहे.

१४ मे, गुरुवार
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सावंतांना सांगितलं. मालवणचे. वरच्या मजल्यावर ऑडिटला आहेत.
"पाखटं बघायला? एवढे पैसे घालून? आमच्याकडे ये, कालवणात दाखवतो."
म्हटलं, हे पाखट खायचं नसतं. यांच्या शेपटीला काटाही नसतो.
"मग बघण्यासारखं काय त्यात?" म्हणाले आणि माझ्या डब्यातली मटकीची उसळ घेतली.

१७ मे, रविवार
अधिक महिना लागला. मेधाने अनारसे केले. पहिला घाणा तुपात विरघळला, दुसरा जमला. शेजारची मलय बाई ताट परत द्यायला आली ती रेसिपी विचारायलाच.
दरवेळी महिनाभराचा काहीतरी नेम धरतो. यंदा सकाळी पूजेनंतर अर्धा तास मौन धरायचं ठरवलं. मेधा म्हणाली, "तुम्ही बोलता तरी किती, की मौन धरायचं?"
पण गंमत झाली. पहिल्याच दिवशी देवासमोर बसल्यावर समजलं की मिसेस टॅन जे सांगतात ते हेच. काही करू नका. मी वीस-पंचवीस वर्षं देवासमोर बसतो आहे, पण तिथेसुद्धा सारखं काहीतरी करतच असतो. फुलं सारखी कर, वात पुढे ओढ, मनात उद्याची मीटिंग.

१९ मे, मंगळवार
डोळे उघडले!
पाण्यात, तोंड खाली घालून. पूलच्या तळाच्या निळ्या फरशा दिसल्या. एका फरशीवर केसाला लावायचं रबर पडलेलं होतं. इतकंच दिसलं. इतक्या वर्षांची भीती आणि तळाला केसाचं रबर.
वर आलो तर मिसेस टॅननी शाबासकीचा अंगठा वर केला. गार्गी अजून ऑफिसातच होती (तिची उन्हाळी इंटर्नशिप चालू आहे), म्हणून तिला मेसेज केला. तिचं उत्तर: 'वाऽऽऽ बाबा.' खाली नाचणाऱ्या बाईचं चित्र.

२३ मे, शनिवार
आज मास्क आणि नळी. दोन मिनिटांत मास्कमध्ये पाणी. बाहेर काढला, पुसला, घट्ट केला, पुन्हा पाणी. नाकात गेलं, ठसका लागला. दुसरा मास्क घेतला, तरी तेच. मिसेस टॅननी माझा चेहरा हातात धरून, डॉक्टर बघतात तसा बघितला आणि मिशीवर बोट ठेवलं.
"धिस वन. वॉटर कम इन फ्रॉम हिअर."
रबर ओठाच्या वर बसतं, तिथे केस असले की फट राहते. व्हॅसलीन लावून बघितलं. जरा बरं, पण पाच-सात मिनिटांनी पुन्हा पाणी. त्या म्हणाल्या, सिम्पल, शेव्ह.
सिम्पल नाही. आप्पा आहेत अजून. ब्याऐंशी वर्षांचे, खणखणीत. बाप असताना मिशी उतरवत नाहीत आमच्यात. ती बाप गेल्यावर, एकदाच उतरायची. मिसेस टॅनना हे कसं सांगायचं? प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडेही आईवडील असताना काही गोष्टी करत नाहीत. चार आकडा घेत नाहीत, त्याचा उच्चार मरणासारखा होतो म्हणून, तेही सांगितलं. मग म्हणाल्या, "सो हाउ?"
खरंच. सो हाउ.

२५ मे, सोमवार
मेधाचा तोडगा: सगळी काढायची नाही. नाकाखालची वरची कड तेवढी बारीक करून घ्यायची. मिशी राहते, मास्कही बसतो. गार्गीने इंटरनेटवर बघितलं, लोक असंच करतात म्हणे.
धर्मही सांभाळला, पाणीही अडवलं. शनिवारी लिटिल इंडियात न्हाव्याकडे जाईन.

३० मे, शनिवार
घात झाला.
सेरंगून रोडच्या मागच्या गल्लीतल्या अण्णाकडे गेलो. नीट समजावलं, ओन्ली टॉप लाइन. त्याने मान डोलवली. उजवीकडून वस्तरा फिरवला, छान. डावीकडे जरा जास्त लागला. मग उजवी डावीसारखी करायला थोडी, मग डावी उजवीसारखी करायला थोडी. माकडाने दोन मांजरींचं लोणी वाटलं तसं. शेवटी उरली ती जुन्या सिनेमातल्या खलनायकाची रेघ. अण्णाने आरशात बघितलं, मी बघितलं. "फुल टेक, सर," तो हळूच म्हणाला. मी डोळे मिटले.
बाहेर आलो. वरच्या ओठाला वारा लागत होता. दुकानातून पूजेची फुलं, तीळ, केळीची पानं घेतली आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. घरी कसं जायचं हेच सुचेना.
मेधाने दार उघडलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मग कळलं की ती हसत होती.
गार्गी म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक पासपोर्ट फोटो."
आप्पांना उद्या फोन करून सांगायचं. आज धीर नाही.

३१ मे, रविवार
आज जे झालं ते पूर्ण लिहून ठेवतो.
सकाळी मौनाला बसलो असताना फोन वाजतच राहिला. नेम मोडायचा नाही म्हणून उचलला नाही. मेधा आंघोळीला, गार्गी झोपलेली. अर्ध्या तासाने बघितलं तर इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' वर वर सरकवत गेलो. सुरुवात सावंतांची. काल ते बसमधून चालले होते. बसमधून त्यांना मी दिसलो. मिशी नाही, हातात फुलं, तीळ, केळीची पानं, आणि चेहरा असा. त्यांनी हाक मारली म्हणे, मी बघितलंच नाही. त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या भाऊंच्या वडिलांचं निधन झालेलं दिसतं. फार खचलेत. त्यांना त्रास देऊ नये.'
कुणीच मला त्रास दिला नाही. त्यांनी कराडला माझ्या ताईला फोन लावले.
मी उचलत नाही म्हणून ताई रडत रडत गावाकडे निघाली होती. गाडीत बसण्यापूर्वी तिने गावच्या घरी फोन लावला, तो आप्पांनीच उचलला.
मी धावत फोन केला.
"बोल," आप्पा म्हणाले. "मी मेलोय म्हणं."
"आप्पा, तसं नाही..."
"तिकडं लई हळहळ चाललीया म्हणं. चांगलं बोलत्यात का पर लोक?"
सगळं सांगितलं. गार्गी, मांटा, मास्क, अण्णा. ते ऐकत होते. मग प्रश्न सुरू झाले.
"दात हाईत का त्या माशाला?"
"चावण्यासारखे नाहीत."
"काटा?"
"नाही."
"मग मिशी कशापायी काढाया लागली?"
"मास्कात पाणी शिरतं, आप्पा."
"पाणी शिरतंय म्हणून बापाला मारलास व्हय?"
अधिक महिना, त्यात हे. म्हणालो, "आप्पा, चूक झाली. नाही जात मी."
तिकडून खोकल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. ते हसत होते.
"जा की गड्या. मिशी काय, गाजरगवत हाय, काढलं की दुप्पट येतंय. पोरगी बोलावतीया आन् तू मिशी धरून बसतुयास." मग जरा थांबून, "म्या मेल्यावर पुन्ना काढ. तवर वाढव."
फोन ठेवला आणि मी देवासमोर जाऊन उगाचच बसलो. काही केलं नाही. खरोखर काही केलं नाही.
ता. क. सावंत संध्याकाळी घरी आले. हातात बांगड्याचं तिखलं, तोंड एवढंसं. आम्ही शाकाहारी हेही ते विसरले. मेधाने त्यांना अनारसे दिले. जाताना म्हणाले, "पण वडील बरे आहेत ना?" म्हटलं, माझ्याहून बरे.

६ जून, शनिवार
मास्क बसला. एक थेंब पाणी नाही. मिसेस टॅन माझ्या ओठाकडे बघून समाधानाने म्हणाल्या, "सी?"
आज त्यांनी पूलचे दिवे लागेपर्यंत थांबवलं. सूर्य गेला, कडेची झाडं काळी झाली आणि पाण्याच्या आत दिवे लागले. गार्गी एका बाजूला, मी दुसऱ्या, मध्ये तरंगता फळा धरलेला. पालथे पडलो. सुरुवातीला श्वास भसाभसा. मग नळीतून स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला. आत आला, बाहेर गेला. त्याला नाम जोडून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं, ते आपोआप झालं. पाय कधी वर आले समजलं नाही. खालच्या फरशीवर उजेडाच्या जाळ्या हलत होत्या. आईची आठवण आली, पण वाईट नाही वाटलं. वाटलं, हे बघणं डोकावणं नव्हे. कुणी आपल्याला घरी बोलावलं तर डोळे मिटून बसणं हाही अपमानच की.
फळ्यावर टकटक झाली म्हणून डोकं वर काढलं.
"हू इज हमिंग?" मिसेस टॅन विचारत होत्या.
"माय फादर ला," गार्गी म्हणाली. "प्रेइंग इनसाइड द पाइप."
काठावर बसलेली दोन चिनी पोरं आमच्याकडे बघत होती. मला अजिबात लाज वाटली नाही. याची नोंद करून ठेवतो.

९ जून, मंगळवार
गार्गीला विचारलं, तुला कसं वाटतं रात्रीच्या समुद्राचं? "चिल," म्हणाली. ती लहानपणापासून इथल्या पूलमध्ये मासोळीसारखी पोहते. तिला काय सांगायचं.
तिच्या खोलीत नेदरलँड्सला न्यायच्या सामानाची एक बॅग आत्तापासून उघडी पडली आहे. त्यात फक्त एक जाड स्वेटर. येता-जाता दिसतो.

१२ जून, शुक्रवार
उद्या निघायचं. मिसेस टॅननी स्वतःचा मास्क ठेवायचा जुना डबा आणून दिला, म्हणाल्या परत नको. मी पाया पडायला वाकलो. त्या दचकल्या, मग त्याही वाकल्या. दोघं तिथे कमरेत वाकलेले. मेधाने फोटो काढला.
मेधाने जाहीर केलं आहे: यंदा सामानापाशी ती. बोटीत खुर्चीवर बसून थर्मासमधला चहा पिणार.

१४ जून, रविवार
बेट. चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलो, परत आलो, चहा व्हायच्या आत. पाणी इतकं स्वच्छ की त्याला पाणी म्हणवत नाही. किनाऱ्याशी ओंजळ डोळ्यांना लावली.
गाइडचं नाव हसन. गार्गीहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने दुपारी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. चौकटीला धरायचं, पाय मारायचे नाहीत, मासा कितीही जवळ आला तरी हात लावायचा नाही. "ते तुमच्या पोटाखालून, अगदी एका वितीवरून उलटे फिरतात. तुम्ही फक्त राहा." फक्त राहा. इंग्रजीतच म्हणाला, पण मला मराठीतच ऐकू आलं.
उद्या दुपारी उजेडात एक फेरी, अंधार पडल्यावर खरी.

१५ जून, सोमवार
धक्क्यावरच्या बाकावर बसून लिहितो आहे. सूर्य टेकला आहे.
दुपारची फेरी. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की प्रवाळाची कड संपते आणि खाली एकदम काही नाही. निळं, मग गडद निळं, मग काहीच नाही. मी नामात होतो, बघत होतो. किती वेळ ते माहीत नाही. डोकं वर काढलं तर शेजारी गार्गी नव्हती. ती किनाऱ्यावर, गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मेधा पाठीवर हात फिरवत होती.
"इट जस्ट ड्रॉप्स, बाबा. पूलला तळ असतो."
मी म्हटलं, हो.
"डोंट टेल मी टु रिलॅक्स."
नाही सांगितलं. तिच्याशेजारी वाळूत बसलो. तिने ओला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मेधा चहा आणायला गेली आणि मुद्दाम उशिरा आली.
आता बोट धक्क्याला लागली आहे. बाकीचे चढले. मेधाही चढली, खुर्ची मिळाली तिला, थर्मास घेऊन बसली. गार्गी म्हणाली, "बाबा, तू जा. मी आईबरोबर बसते. यू प्रॅक्टिस्ड सो मच."
म्हटलं, "मी मांटासाठी प्रॅक्टिस नव्हती केली."
ती समुद्राकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, "आय नो."
हसनने विचारलं, पंधरा मिनिटं थांबू? म्हटलं, थांब. तो दिव्यांची चौकट तपासायला गेला. ती अजून बंद आहे.
गार्गी म्हणाली, "माझ्याकडे बघू नको. काहीतरी लिही." म्हणून वही काढली. लिहितो आहे. मला आतून काहीच घाई नाही, हे मलाच नवीन आहे. गेलो तर दोघं जाऊ. नाही तर दोघं चहा पिऊ. दोन्ही चांगलं दिसतं आहे, आणि मी ते तिला सांगत नाही.
आकाश तांबूस-जांभळं. पाणी काळपट व्हायला लागलं. बोटीतून कुणाचं तरी हसणं येतं आहे.
शेजारी रबराचा आवाज झाला. न बघता बघितलं. तिने डाव्या पायात पोहायची फिन चढवली आहे. उजवी मांडीवर आहे, तिच्या पट्ट्याशी बोटं चाळा करताहेत. मी विचारत नाही. लिहीत राहतो.